घराच्या वर्षाचा आढावा: चढ-उतार कागदावर कसे आणायचे

डिसेंबर संपत आला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "वर्ष कसं गेलं कळलंच नाही." मग कोणीतरी मोबाइलवर फोटोंचा व्हिडिओ बनवतं. त्यात कोकणातली सहल असते, गणपतीची आरास असते, पण जुलैमध्ये आजोबा दहा दिवस दवाखान्यात होते त्याचा मागमूसही नसतो. उलट काही घरांत वर्षाची आठवण म्हणजे फक्त ते आजारपण. गफलत दोन्हीकडे एकच आहे, ती म्हणजे नुसत्या आठवणीवर भिस्त. आठवण शेवटच्या दोन महिन्यांना झुकतं माप देते, आणि घरात ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. म्हणून इथे दिलेला क्रम सोडू नका: आधी कागदपत्रं, मग आलेख, मग बोलणं, शेवटी लिखाण. थेट बोलायला बसलं की बैठक भांडणात संपते, नाहीतर "सगळं छान झालं" म्हणून चहाबरोबर गुंडाळली जाते.

चार-पाच माणसांच्या घराला कागद जमवायला तीन संध्याकाळी तासभर लागतात, आलेखाला पाऊण तास, बैठकीला दीड तास आणि लिखाण-छपाईला साधारण आठवडा.

वर्ष कुठलं धरायचं

जानेवारी ते डिसेंबर धरा. फोटो, मेसेज, बिलं सगळ्यांवर याच तारखा असतात. दिवाळी ते दिवाळी ही कल्पना मनाला भावते, पण हिशेबाला फसवी आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असतं आणि अधिक महिना आला की ते ३८३-३८४ दिवसांचं होतं. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ चं २१ ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये ३५४ दिवस. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, मध्ये ३८३ दिवस. या दोन 'वर्षां'चा किराणा किंवा विजेचा खर्च शेजारी मांडला तर २९ दिवसांचा फरक विनाकारण 'महागाई' म्हणून दिसेल. पैशाचा हिशेब एप्रिल ते मार्च ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, फक्त तो या आढाव्यात मिसळू नका.

बैठक डिसेंबरचा शेवटचा रविवार ते संक्रांत यांच्यामध्ये बसवा. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा डोक्यावर येतात. मुलं परदेशात असतील तर पुण्यातले रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा आणि जर्मनीत दुपारचे साडेचार. तिन्ही ठिकाणी माणूस जागा आणि जेवलेला असेल अशी ही जवळजवळ एकमेव वेळ आहे.

घरात गेल्या तीन महिन्यांत मृत्यू झाला असेल तर या वर्षी फक्त कागद जमवून ठेवा आणि बैठक पुढे ढकला. ती पाडव्याला किंवा वर्षश्राद्धानंतर झाली तरी काही बिघडत नाही.

कागद आणि पुरावे जमवणं

यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो घालवावाच लागतो. सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, "प्लंबर", "डॉ. ४ वा." अशा खुणा बहुतेक घरांत त्यावर असतात आणि १ जानेवारीला ते कॅलेंडर रद्दीत जातं. उतरवण्याआधी बाराही पानांचे फोटो काढा, मागच्या बाजूचेही, कारण फोन नंबर आणि औषधांची नावं तिथेच खरडलेली सापडतात.

मग बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी. रकमेपेक्षा नावं बघा. एकाच मेडिकल दुकानाला महिन्यात नऊ वेळा पैसे गेले, तो महिना काय होता? रिक्षा-कॅबचा खर्च एकदम वाढला, तो कुणाच्या फेऱ्यांचा? विजेच्या बिलातही घर दिसतं: युनिट अचानक चढले तेव्हा कोणी राहायला आलं होतं, किंवा कोणीतरी नोकरी गेल्यामुळे दिवसभर घरी होतं.

दवाखान्याची बिलं आणि औषधांच्या पावत्या वेगळ्या फायलीत ठेवा, आणि आजच त्यांचे फोटो घ्या. चकचकीत, गुळगुळीत कागदावरची पावती थर्मल कागदाची असते. तिच्यात शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं आणि उष्णतेनेच कागद पुढे काळवंडतो किंवा अक्षर उडतं. मऊ प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ती आणखी लवकर कोरी होते. मेडिक्लेमसाठी मूळ पावती लागते, म्हणून फोटोबरोबर साध्या कागदावर झेरॉक्सही काढा. घरात साठीच्या पुढचे आई-वडील असतील, त्यांचा मेडिक्लेम नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर त्यांच्या उपचारांवरचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च वजावटीला धरता येतो, पण रोखीने दिलेला चालत नाही. तेव्हा फाइल करतानाच रोख आणि ऑनलाइन असे दोन गठ्ठे करा.

राहिला व्हॉट्सॲपचा कौटुंबिक ग्रुप. ग्रुपच्या मेनूत जाऊन चॅट एक्स्पोर्ट करा, मीडिया न घेता. एक साधी मजकूर-फाइल मिळते. तिच्यात हे शब्द शोधा: अभिनंदन, पोचलो, पोचले, ॲडमिट, डिस्चार्ज, रिझल्ट, भावपूर्ण, तिकीट, काळजी. हेच शब्द इंग्रजी अक्षरांतही शोधा, कारण घरातली निम्मी मंडळी मराठी तशीच टाइप करतात. अर्ध्या तासात वर्षाचा सांगाडा हातात येतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत मूळ तारखेची माहिती निघून गेलेली असते, पण अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात तारीख मिळते: 'आयएमजी-२०२५०७१४-डब्ल्यूए०००७' म्हणजे १४ जुलै २०२५ ला मिळालेला सातवा किंवा आठवा फोटो. लक्षात ठेवा, ती फोटो मिळाल्याची तारीख आहे, काढल्याची नव्हे. मावशीने तीन आठवड्यांनी पाठवलेले लग्नाचे फोटो त्यामुळे भलत्याच महिन्यात जाऊन बसतात.

बारा ताव

प्रत्येक महिन्याला एक ए४ ताव. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं ते एका ओळीत, उजवीकडे कुणाशी संबंधित आणि पुरावा काय. एका तावावर दहा-बारा ओळींपेक्षा जास्त नकोत. या टप्प्याला चांगलं-वाईट असा शेरा मारायचा नाही. "बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डावा डोळा" एवढंच. "देवाच्या कृपेने" किंवा "उगाच घाई केली" यातलं काही नाही.

तारीख आठवत नसेल तर आकड्यामागे लागू नका, शहराच्या खुणा विचारा. पुण्यात त्या भरपूर आहेत. पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला होत्या त्याआधी की नंतर? खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला तेव्हा तू कुठे होतास? विसर्जनाच्या मिरवणुकीला आपण गेलो होतो का, की तेव्हा काकू घरी झोपून होत्या? बारावीचा निकाल, सवाई गंधर्व, सोसायटीत टँकर सुरू झाले तो आठवडा. "मे की जून?" या प्रश्नावर अडलेला माणूस "पालखीच्या आधी" हे ठामपणे सांगतो.

बारा ताव झाले की ते जमिनीवर ओळीने मांडा. एखादा महिना रिकामा दिसतोच, बहुधा फेब्रुवारी किंवा ऑगस्ट. तो जबरदस्तीने भरू नका. काहीच न घडलेला महिना कधीकधी घरातल्या थकलेल्या माणसाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत चांगला असतो, हे पुढे आलेखात कळतं.

प्रत्येकाची स्वतःची रेघ

ए३ आकाराचा कागद आडवा घ्या. तो ४२ सेंटिमीटर लांब आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. आडवी मध्यरेषा ३६ सेंटिमीटरची आखा, दर महिन्याला ३ सेंटिमीटर. उभ्या रेषेवर वर +५ आणि खाली −५, दर अंकाला २ सेंटिमीटर, म्हणजे एकूण २०. कडेला नाव आणि टिपा लिहायला जागा उरते. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ए३ ताव आणि ट्रेसिंग पेपर सुटे मिळतात. माणशी एक ताव, एक ट्रेसिंग पेपर आणि वेगळ्या रंगाचं स्केचपेन.

बारा ताव समोर ठेवून प्रत्येकाने आपापली रेघ एकट्याने काढायची, दुसऱ्याची न बघता. प्रत्येक महिन्याला एक ठिपका, मग ठिपके जोडायचे. प्रश्न एकच: त्या महिन्यात *मला* कसं वाटत होतं? घरासाठी तो महिना कसा होता, हा प्रश्न इथे नाही. सहा वर्षांच्या पुढची मुलं हे सहज करतात. त्यांना −५ ते +५ ऐवजी पाच चेहरे काढून द्या. काढून झालं की ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि सगळ्या रेघा एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरा.

इथे कुटुंबं चकित होतात. मुलीच्या लग्नाचा महिना वडिलांच्या रेघेत +५ आणि आईच्या रेघेत −२ निघतो. यात वावगं काही नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची ताणमोजणी मांडली, तिच्यात जोडीदाराचा मृत्यू १०० वर आहे, जवळच्या नातलगाचा ६३, नोकरी जाणं ४७. पण स्वतःचं लग्न ५० वर आणि निवृत्ती ४५ वर. आनंदाच्या घटनाही अंगावर येतात. (त्याच यादीत सासरच्या माणसांशी कुरबुर २९ वर आहे आणि मुलं घर सोडून जाणंही २९ वरच. अमेरिकेतली यादी आहे. आपल्याकडे पहिला आकडा कितीवर गेला असता ते ज्याने त्याने ठरवावं.) ही मोजणी घरात वापरायची नाही, गुण मांडत बसायचं नाही. एकाच घटनेचं वजन दोघांना वेगळं असतं, एवढं तिच्यावरून समजून घ्या.

रेघा जिथे सर्वांत जास्त फाकतात ते तीन महिने गोल करा. बैठकीत बोलायचं ते यांच्याबद्दल.

बैठक

दीड तास, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. खाणं आधीच उरकून घ्या किंवा बाहेरून मागवा. पोहे करायला जी व्यक्ती ओट्यापाशी उभी राहते तिचं वर्ष या बैठकीतून गळतं, आणि बहुतेक घरांत नेमकं तिच्याच वर्षाबद्दल कोणाला काही ठाऊक नसतं.

बोलायला सुरुवात सर्वांत लहानाने करायची. मोठ्यांपासून सुरू केलं की बाकीचे त्यांच्याच वाक्याला मान डोलावतात. माणशी सात मिनिटं, स्वयंपाकघरातला टायमर लावा. पहिल्या फेरीत एक चढ, दुसरीत एक उतार, तिसरीत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी केलेली अशी गोष्ट जिची तेव्हा दखल घ्यायची राहिली. उतार आधी घेतला तर पहिल्याच माणसाचा कंठ दाटतो आणि पुढचे सगळे सावरासावरीला लागतात. म्हणून क्रम हाच.

बंदी दोनच गोष्टींना: सल्ला आणि "तरी मी सांगत होतो". "का केलंस?" ऐवजी "तेव्हा काय झालं होतं?" असं विचारा. पहिल्यावर माणूस सफाई देतो, दुसऱ्यावर सांगू लागतो.

ज्येष्ठ मंडळी हमखास एक दार लावून घेतात. सासूबाई म्हणतात, "माझं काय, तुमचं चांगलं तेच माझं चांगलं." तिथे "नाही आई, सांगा ना" असा आग्रह धरून उपयोग नाही. ठोस, छोटा प्रश्न विचारा: "आई, या वर्षी तुम्ही सगळ्यात जास्त दमलात ते कधी?" किंवा "आजोबा, पर्वतीवर जायचं तुम्ही कुठल्या महिन्यात बंद केलंत?" उत्तरात महिना येतो, महिन्यामागून कारण येतं. शाळकरी मुलाला "तुझं वर्ष कसं गेलं?" विचारलं तर "मस्त" एवढंच मिळेल. "जूनमध्ये डबा कुणाबरोबर खायचास आणि आता कुणाबरोबर खातोस?" असं विचारलं की मैत्री तुटल्याचं, बाक बदलल्याचं, सगळं बाहेर येतं.

कुणाला बोलायचंच नसेल तर त्याला वही द्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेवर लिहायला सांगितलं होतं. हाच आकार घरी वापरा. लिहिलेलं कुणालाही दाखवायचं नाही, ते फाडून टाकलं तरी चालेल. आणि लिहिताना किंवा बोलताना कोणी पार कोलमडत असेल, आठवडे झोप नसेल, तर ते काम घरच्या बैठकीचं नाही. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावं.

पैशावर भांडण होईल अशी शंका असेल तर पैसा याच बैठकीत घेऊ नका. दुसऱ्या दिवशी फक्त कमावत्या आणि खर्च चालवणाऱ्या माणसांनी पाऊण तास बसावं. तिथे एकच बेरीज महत्त्वाची आहे, अनपेक्षित खर्चाची. समजा गळती-दुरुस्ती १८,०००, दवाखाना ४२,००० आणि अचानक करावा लागलेला प्रवास २४,०००, एकूण ८४,०००. भागिले १२, म्हणजे महिना ७,०००. 'अनपेक्षित' दर वर्षी येतंच, नाव बदलून. हे ७,००० पुढच्या जानेवारीपासून वेगळ्या खात्यात टाका.

लिखाण

बैठकीनंतर तीन दिवसांच्या आत एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. लिहिणारा शक्यतो तो नसावा ज्याचं वर्ष सर्वांत वाईट गेलं. आठ पानं पुरेत. महिन्यागणिक दोन-तीन नोंदी, प्रत्येक नोंद चार ओळींची: काय झालं, कुणावर काय बेतलं, कोण मदतीला आलं, आता कुठवर आलं आहे. उदाहरणार्थ:

"जुलै. बाबा सकाळी बाथरूममध्ये घसरले, उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दहा दिवस दवाखाना, पुढे सहा आठवडे वॉकर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रोज दुपारचा डबा दिला. बाथरूममध्ये आता दांडे बसवले आहेत. बाबा डिसेंबरपासून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत एकटे जातात."

विशेषणं काढून टाका. "अतिशय कठीण काळ" हे वाक्य दहा वर्षांनी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, "रोज दुपारचा डबा" सांगतं. मदत करणाऱ्यांची नोंद हमखास राहून जाते, म्हणून शेवटी त्यांची वेगळी यादी करा. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला जाताना ती उपयोगी पडते.

मुलाचं नापास होणं, कुणाचा गर्भपात, कर्ज, मोडलेलं लग्न, अशा नोंदी ज्याच्या त्याच्या संमतीशिवाय जाणार नाहीत. संमती नसेल तर ओळ गाळा, गोलमोल करून घालू नका. घरात वाचणाऱ्या प्रत्येकाला ती ओळ कुणाबद्दल आहे ते कळतंच.

छपाई आणि जपणूक

ए४ कागद मध्ये दुमडून ए५ पुस्तिका करा. पानांची संख्या चारच्या पटीत हवी: ८, १२, १६. कागद १०० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). साध्या ७५ जीएसएम झेरॉक्स कागदावर मागचा मजकूर पुढे दिसतो. दुकानात फाइल नेताना पीडीएफच न्या, नाहीतर तिथल्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. एक प्रत काढून वाचा, मग बाकीच्या.

४ बाय ६ इंचाच्या नीट छापलेल्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू १६०० च्या आसपास असते. ४ बाय ६ ला तो निभावतो, पूर्ण ए४ ला फाटतो. मोठा छापायचा असेल तर ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा.

स्टेपलर मारू नका, पुण्याच्या दोन पावसाळ्यांत पिना गंजून घडीवर तांबडे डाग पडतात. दोऱ्याने शिवणं दहा मिनिटांचं काम आहे. ए५ ची घडी २१ सेंटिमीटरची. मधोमध साडेदहावर एक छिद्र आणि दोन्ही टोकांपासून ३ सेंटिमीटर आत एकेक. जाड सुती दोरा साधारण ५५ सेंटिमीटर. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढा, वरच्या छिद्रातून आत, आतून थेट खालच्या छिद्राकडे नेऊन बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ. छिद्रं आधी दाभणाने पाडून घ्या. सुईनेच पाडायला गेलं की कागद सरकतात.

पुस्तिका आणि बारा ताव पुठ्ठ्याच्या फायलीत घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलं तर ओल धरते. डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनआधी बदला. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो लावू नका, काही वर्षांत ते निघत नाहीत. डिजिटल प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. पेनड्राइव्हवर एकुलती एक प्रत म्हणजे नसल्यासारखीच. फोल्डरला नाव देताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच बारा पाकिटं करा, बाहेर महिन्याचं नाव. खाकी कागदाची घ्या, खिडकीची नकोत. फ्रिजशेजारच्या खिळ्याला क्लिपमध्ये अडकवा. पावती, चिठ्ठी, निकाल, बसचं तिकीट, जे हाती येईल ते त्या महिन्याच्या पाकिटात. दर महिन्याच्या एक तारखेला मागचं पाकीट बंद करण्यापूर्वी थर्मल पावत्यांचा फोटो घ्या आणि पाकिटावरच पेन्सिलीने तीन ओळी लिहा. हे काम एका माणसाच्या गळ्यात न घालता महिने वाटून घ्या, आणि मुलांना जून द्या, कारण शाळेची बहुतेक कागदं त्याच महिन्यात येतात.